गॅस संपतो की गळतो?

मार्च उजाडला की कर्जत-खोपोली रस्त्यावरच्या गॅरेजांमधून एक वाक्य हमखास कानावर येऊ लागते. "गॅस संपला असेल, भरून टाकू." गाडी लहान असो, मोठी असो, आजारी माणसाला मुंबईला नेणारी असो की पर्यटकांना फिरवणारी असो, एसी नीट चालत नाही म्हटले की उत्तर हेच. आणि गंमत म्हणजे गाडीवाल्यालाही ते लगेच पटते. तो पैसे देतो, चार दिवस किंवा चार महिने गारवा अनुभवतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच दारात उभा राहतो.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. खेड्यातल्या शाळेत शिक्षक नेहमीच अपुरे, त्यामुळे सातवीपर्यंतचे विज्ञानही अनेक वर्षे माझ्याकडेच असे. तेव्हा या वाक्याबद्दल माझी तक्रार दुहेरी आहे. त्यातले विज्ञान चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे याचे कारण त्यातले क्रियापद चुकीचे आहे. माझे तर असे स्पष्ट मत झाले आहे की हे एक क्रियापद आपल्या लोकांना दर उन्हाळ्यात काही हजारांना पडते.

पाहा, 'संपणे' हे क्रियापद आपण कशासाठी वापरतो? पेट्रोल संपते, कारण ते जळते. पीठ संपते, कारण आपण ते खातो. घरातला सिलिंडर संपतो, कारण त्यातला गॅस शेगडीत जळून जातो. एसीत भरतात त्यालाही आपण 'गॅस'च म्हणतो, आणि मग मनात नकळत स्वयंपाकघरातला सिलिंडर उभा राहतो. तो महिना-दीड महिन्यात संपतो, मग हा वर्षाने संपला तर नवल काय? म्हणून कोणी प्रश्नच विचारत नाही.

पण गाडीच्या एसीतला गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो, बस्स. जेवढा भरला तेवढाच दहा मिनिटांनी असतो आणि तेवढाच दहा महिन्यांनी असायला हवा. रबरी नळ्यांतून आणि सांध्यांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो हे खरे, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या गाडीत तो काहीसा कमी भरला तर समजण्यासारखे आहे. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर तो संपत नाही, गळतो. आणि गळते आहे असे म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. कुठून? 'संपला' म्हटल्यावर हा प्रश्न येत नाही. सगळी मेख इथे आहे.

आता ही यंत्रणा चालते कशी ते थोडक्यात सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावे. दवाखान्यात सुई टोचण्याआधी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा तेवढी जागा गार वाटते. स्पिरिट उडून जाताना आपल्या कातडीची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि तो ती आसपासच्या वस्तूंकडून घेतो. शाळेत याला अप्रकट उष्मा म्हणून शिकवतात. दुसरी गोष्ट म्हणजे दाब कमी केला की द्रव कमी तापमानाला उकळतो. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे, तर तिथे पाणी १०० ऐवजी साधारण ९७ अंशांनाच उकळते. एसीतला आर-१३४ए नावाचा गॅस उघड्या हवेच्या दाबाला शून्याखाली २६ अंशांना उकळतो. गाडीच्या डॅशबोर्डमागे जी कुलिंग कॉइल असते तिच्यात दाब असा राखतात की हा द्रव शून्याच्या जरा वर उकळावा. उकळताना तो आतल्या हवेची उष्णता घेतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ ओढतो आणि दाबतो, त्यामुळे ती चांगलीच तापते. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते, आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून पुन्हा आतल्या कॉइलकडे जाते. झाले चक्र पूर्ण.

मुलांना सांगायचो तसे सांगतो. विहीर खणायचे काम चालू आहे असे समजा. खाली एक जण पाटीत माती भरतो, गडी ती वाहून नेतात, आणि लांब नेऊन ओततात. काम मंदावले तर त्याची कारणे तीन. भरणारा कमी पडतो, वाहणारे कमी पडतात, किंवा ओतायची जागा अडली आहे. एसीत भरण्याचे काम ब्लोअर, फिल्टर आणि आतल्या कॉइलचे. वाहण्याचे काम गॅस आणि कॉम्प्रेसरचे. ओतण्याचे काम पुढच्या कंडेन्सरचे आणि त्याच्या पंख्याचे. एसी मंद झाला म्हटल्याबरोबर गॅस भरणे म्हणजे काम का थांबले ते न पाहता आणखी चार गडी बोलावणे. ओतायची जागाच अडली असेल तर जादा गड्यांनी गर्दी तेवढी वाढेल.

हे नुसते पुस्तकी बोलणे नाही. माझ्या भाच्याची एक घरगाडी आहे. कॅरव्हॅन म्हणा, मोटरहोम म्हणा, तो घरगाडी म्हणतो आणि मलाही तो शब्द आवडतो. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधून घेतलेली, आत दोन पलंग, ओटा, छोटे न्हाणीघर. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यानंतर अशा गाड्यांची चर्चा आपल्याकडे वाढली. तशी कर्जतकरांना चाकांवरची खोली नवी नाही. चौकजवळचा एन. डी. स्टुडिओ २००५ साली सुरू झाल्यापासून नटमंडळींच्या व्हॅनिटी व्हॅन आमच्या रस्त्यांनी पाहिलेल्या आहेत.

तर या घरगाडीच्या डॅशबोर्डमधला एसी दोन उन्हाळे दगा देत होता. मागे घरगुती एसी आहे, पण तो मुक्कामाला विजेची जोडणी मिळाली की चालतो. धावत्या गाडीत आधार डॅशबोर्डचाच. एका गॅरेजने दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला. पहिल्या वेळी थोडा फरक पडला, दुसऱ्या वेळी काहीच नाही, आणि तिसऱ्या वेळेनंतर एसी आधीपेक्षा वाईट चालू लागला. "मामा, आता कॉम्प्रेसरच बदलायला सांगताहेत," असे भाचा म्हणाला तेव्हा मी त्याला एवढेच विचारले, की एसी सारखाच मंद असतो की कधी बरा कधी वाईट? तो म्हणाला, एक्सप्रेसवेवर पनवेलकडून येताना गाडी वेगात असली की बऱ्यापैकी गार लागते. खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत थांबले की गार हवा जाते. घाटात ट्रकांच्या मागे रांगू लागले की नुसता वारा.

आता या उत्तरातच निम्मे निदान आहे. वेगात असताना समोरचा वारा कंडेन्सरवर आपोआप आदळतो. थांबले की ते काम पंख्याला करावे लागते. वेगात गार आणि थांबल्यावर गरम, याचा अर्थ माती ओतायच्या जागी अडचण आहे. खोपोलीकडच्या एका तरुण मेकॅनिकने बोनेट उघडण्याआधी नेमके हेच प्रश्न विचारले, आणि मला तो तिथेच आवडला. त्याने पाहिले तर कंडेन्सरच्या दोन पंख्यांपैकी एक फिरतच नव्हता. वायरीचा सांधा गंजला होता. कंडेन्सरच्या पात्यांमध्ये चिखल, वाळके गवत आणि किडे यांचा थर. मग त्याने यंत्राने आतला सगळा गॅस काढून घेतला आणि वजन केले. बोनेटखालच्या लेबलवर जेवढे वजन लिहिले होते त्यापेक्षा जवळजवळ पाव हिस्सा जास्त भरला. "गुरुजी, गॅस कमी नव्हता, जास्त झाला होता," तो म्हणाला.

जादा गॅसने एसी बिघडतो हे पुष्कळांना खरे वाटत नाही. पण कारण साधे आहे. जादा द्रव कंडेन्सरमध्येच साठून राहतो, त्यामुळे वाफेला निवायला जागा कमी उरते, दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो, आणि फारच चढला तर सुरक्षेचे बटण कॉम्प्रेसर बंद पाडते. म्हणजे दोन उन्हाळे पैसे देऊन आजार वाढवून घेतला होता. शेवटी खर्च आला तो वायरीचा सांधा, कंडेन्सरची धुलाई आणि मोजून भरलेला गॅस एवढ्याचा. कॉम्प्रेसर जुनाच आहे आणि उत्तम चालतो.

या प्रकारातून आणि नंतर त्या मुलाशी झालेल्या गप्पांतून काही प्रश्न मी वहीत उतरवून ठेवले. गाडी कोणतीही असो, गॅरेजला जाण्याआधी मालकाने ते स्वतःला विचारावेत असे मला वाटते. त्याला हत्यारे लागत नाहीत.

पहिला प्रश्न म्हणजे हवाच कमी येते, की हवा भरपूर येते पण गार नसते? हे दोन वेगळे आजार आहेत. हवाच कमी असेल तर गॅसचा संबंध बहुधा नाही. आधी फिल्टर पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागे असतो आणि बऱ्याच मालकांना तो आहे हेच माहीत नसते. आमच्याकडच्या धुळीने आणि भाताच्या तुसाने तो सहा महिन्यांत गोधडीसारखा होतो.

दुसरा प्रश्न म्हणजे केव्हा बिघडते? थांबल्यावर गरम आणि वेगात गार असेल तर कंडेन्सर आणि पंखा. सुरुवातीला उत्तम गार आणि अर्ध्या-पाऊण तासाने हवा हळूहळू कमी होत गेली, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावला की परत सुरळीत, असे असेल तर आतल्या कॉइलवर बर्फ धरत असण्याचा संभव मोठा. आणि पहिल्या दिवसापासून आजपर्यंत महिन्या-महिन्याने गारवा कमी होत आला असेल तर मात्र गळतीचा संशय घ्यावा. सांध्यांजवळ तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर बहुतेक चोर तिथेच आहे, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते.

तिसरा प्रश्न म्हणजे गाडी बाहेरची हवा आत घेते आहे का? डॅशबोर्डवर एक कळ असते, तिने आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवता येते. भर दुपारी चाळीस अंशांची हवा सतत आत घेऊन ती गार करा असे एसीला सांगणे अन्याय आहे. कधीकधी कळ फिरते पण आतली झडप हलत नाही. तसेच हीटरच्या झडपेचे. ती पूर्ण मिटली नाही तर एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने इंजिनाची गरम हवा, दोन्ही एकत्र येतात. हिवाळ्यात एकदा वापरलेला हीटर उन्हाळ्यात असा सूड उगवतो.

चौथा प्रश्न, किती गार? 'बरा चालतो', 'जरा कमी वाटतो' ही मापे नव्हेत. स्वयंपाकाचा किंवा मुलांच्या प्रयोगाचा थर्मामीटर मधल्या झरोक्यात धरावा, आतली हवा फिरवणारी कळ लावून दहा मिनिटे थांबावे आणि आकडा लिहावा. बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी कमी असेल तर यंत्रणा धडधाकट आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहिले की घसरण कळते. आकडा लिहिलेला असला की मेकॅनिकशी वाद घालावा लागत नाही.

इथे आमच्या मुलखाचे एक वैशिष्ट्य सांगायला हवे. पुण्याहून येणारे पाहुणे म्हणतात, एसी पुण्यात छान चालत होता, कर्जतला आल्यावर बिघडला. तो बिघडलेला नसतो. आमच्या पश्चिमेला माथेरानचा डोंगर, पूर्वेला सह्याद्रीची भिंत, समुद्राचा वारा अडखळत येतो पण त्याचा दमटपणा पोचतो. एसीला हवा गार करण्याआधी तिच्यातले पाणी पिळून काढावे लागते. एक किलो हवा एक अंशाने गार करायला सुमारे एक किलोज्यूल उष्णता काढावी लागते, पण हवेतली एक लिटर पाण्याइतकी वाफ निववायला सुमारे २४०० किलोज्यूल. गाडी थांबल्यावर खाली जे पाण्याचे थारोळे दिसते ती एसीने केलेली मजुरी आहे. ती पुण्याच्या कोरड्या एप्रिलपेक्षा कर्जतच्या एप्रिलमध्ये जास्त पडते. तेव्हा थारोळे दिसले तर घाबरू नये, उलट दमट हवेत अजिबात पाणी पडत नसेल तर चौकशी करावी.

आणि घरगाडीवाल्यांना खास सांगणे. डॅशबोर्डमधला एसी ड्रायव्हर आणि शेजारचा माणूस यांच्यासाठी घडवलेला असतो. मागे वीस फुटांची पत्र्याची खोली जोडली म्हणून त्याची ताकद वाढत नाही. भाच्याच्या गाडीत पंखा दुरुस्त झाल्यावरही मागच्या पलंगावर गार लागत नव्हते आणि तो पुन्हा कुरकुरू लागला. मेकॅनिकने ड्रायव्हरच्या सीटमागे एक जाड पडदा लावायला सांगितला आणि पुढच्या काचेला उन्हात उभे असताना पांढरे आच्छादन. माझ्या भाचेसुनेने जुन्या चादरीचा दुहेरी पडदा शिवला. पुढची जागा आता भर दुपारीही बसण्याजोगी असते. मागे बसणाऱ्यांसाठी पंखे आहेत. आजाराचे निदान करताना मुळात यंत्राकडून आपण काय मागतो आहोत तेही पाहायला हवे.

कोणी म्हणेल, गुरुजी, चार पैसे जास्त गेले तर गेले, एवढे काय मनावर घेता? मी मनावर घेतो त्याची कारणे आहेत. पहिले म्हणजे हा गॅस हवेत सोडण्याची वस्तू नव्हे. गाड्यांत पूर्वी आर-१२ असायचा. तो वरच्या ओझोनच्या थराला खातो असे लक्षात आले आणि १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार तो जगभर बंद होत गेला. त्याच्या जागी आर-१३४ए आला. हा ओझोनला धरत नाही, पण उष्णता मात्र भयंकर धरतो. शंभर वर्षांचा हिशेब केला तर एक किलो आर-१३४ए हवेत गेला की सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतका परिणाम होतो. म्हणजे गळक्या गाडीत दर उन्हाळ्यात अर्धा किलो भरत राहणारा माणूस दरवर्षी पाऊण टनाच्या आसपास धूर सोडतो, तोही न दिसणारा. २०१६ साली किगाली येथे या जातीचे गॅस कमी करायचे ठरले, भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली, आणि आपल्याकडे २०२८ पासून त्यांच्या वापराला मर्यादा पडणार आहे. उन्हाळा कडक होतो म्हणून एसी, एसीतला गॅस हवेत सोडला म्हणून उन्हाळा आणखी कडक. गळती बुजवल्याशिवाय गॅस भरणे हे फुटक्या घागरीत पाणी भरण्यापेक्षा वाईट आहे. घागरीतले पाणी निदान झाडाला तरी मिळते.

दुसरे कारण घाटाचे आहे. गाडीचा एसी ही चैन आहे असे माझ्या पिढीला वाटत आले. पण बोरघाटातून पावसाळ्यात गाडी हाकणाऱ्याला विचारा. बाहेर धुके, आत माणसांचे श्वास आणि ओले कपडे, काचेवर आतून वाफ धरते आणि पुढचा ट्रक दिसेनासा होतो. फडक्याने पुसून ती क्षणात परत येते. एसीची कोरडी हवा काचेवर सोडली आणि बाहेरची हवा आत घेतली की काच स्वच्छ होते. म्हणजे उन्हाळ्यात मंद झालेला एसी दुरुस्त न करता 'आता पाऊस आला, कशाला हवाय' म्हणून सोडून देणे हे घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला तरी परवडणारे नाही.

आणि उन्हाळ्यातही, ड्रायव्हर हा माणूसच आहे. इंजिनाशेजारी बसून, घामाने निथळत, आठ-दहा तास गाडी चालवणाऱ्याचे लक्ष केव्हा ढळेल सांगता येत नाही. उशिरा का होईना, सरकारला हे पटले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला एसी असणे बंधनकारक झाले आहे. मला या नियमाचा मनापासून आनंद झाला. पण पुढे काय? हे ट्रक जुने होतील, त्यांचे कंडेन्सर चिखलाने भरतील, पंखे बंद पडतील. तेव्हाही रस्त्याकडेचे उत्तर 'गॅस संपला' हेच असेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत मालक म्हणेल, एसी ठेवणे परवडत नाही, खिडकी उघड. नियमाने मिळालेला गारवा निदानाअभावी जाईल आणि ड्रायव्हर पुन्हा घामाघूम.

मग दोष सगळा मेकॅनिकचा का? मला तसे वाटत नाही. त्याच्या बाजूने विचार करा. गिऱ्हाईक गाडी घेऊन येते आणि म्हणते, अर्ध्या तासात करून दे, आम्हाला लोणावळ्याला पोचायचे आहे. नीट काम करायचे तर आधीचा गॅस यंत्राने काढायचा, गळती शोधायची, किमान अर्धा तास व्हॅक्यूम लावून आतला ओलावा काढायचा, मग वजन करून भरायचे. दोन-तीन तास गेले. आणि त्याने तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर आपण काय म्हणतो? "नुसते बघायचे पैसे?" हे वाक्य मी स्वतः कितीतरी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहे. म्हणजे वस्तूचे पैसे आपण निमूट देतो, विचाराचे देत नाही. मग तोही शहाणा होतो आणि विचार करायचे सोडून वस्तू विकू लागतो.

हे गॅरेजपुरते नाही. आमच्या भागात डॉक्टरांनी सुई टोचली नाही तर औषधच दिले नाही असे मानणारे रुग्ण मी पाहिले आहेत. दोन गोळ्या पुरेशा असताना सलाईन लावून घेणारेही पाहिले आहेत. ज्याने नाडी पाहून, चार प्रश्न विचारून, घरी जाऊन पेज प्या असे सांगितले तो डॉक्टर मागे पडला. शाळेतही तेच. गणित का चुकले हे मुलाबरोबर बसून शोधणाऱ्या शिक्षकापेक्षा पन्नास गणिते लिहून आणायला सांगणारा पालकांना कष्टाळू वाटतो. मूल कुठे अडले हे न पाहता पाठ वाढवत नेणे आणि एसी का अडला हे न पाहता गॅस भरत नेणे, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यातून शिकून आलेली मुले गावात आहेत, आणि वस्तादाच्या हाताखाली शिकून तितकीच जाणती झालेलीही आहेत. त्यांना ज्ञान नाही असे नाही. त्या ज्ञानाला गिऱ्हाईक नाही. ते गिऱ्हाईक आपण व्हायला हवे. भाच्याला मी सांगून ठेवले आहे, त्या खोपोलीच्या मुलाने कधी पाहून सांगितले की गाडीला काही झालेले नाही, तर त्या सांगण्याचेही पूर्ण पैसे द्यायचे. न बिघडलेली गाडी न उघडता परत पाठवणारा माणूस जपला पाहिजे.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी कोणी "गॅस संपलाय" असे म्हणाले तर न रागावता, हसतमुखाने विचारा, "कुठून गेला?" त्याने शोधतो म्हटले तर गाडी त्याच्याकडे ठेवा, शांतपणे चहा प्या, आणि निघताना शोधण्याचे पैसे वेगळे विचारून द्या. उत्तरच आले नाही, तर गाडी वळवा आणि दुसरे गॅरेज पाहा. तोवर खिडक्या उघड्या ठेवून सकाळी लवकर प्रवास करावा. आम्ही चाळीस वर्षे तसाच केला.